साठवण सर्व्हरच्या प्रकृतीचा अहवाल : कधी घ्यावा, कसा घ्यावा

पातूर : महसूल कार्यालयातील अभिलेख कक्षात एकेकाळी लाल कापडात बांधलेले दप्तराचे गठ्ठे फडताळांवर रचलेले असत. वाळवी लागली, छत गळले किंवा उंदरांनी कागद कुरतडले, तर ते निदान डोळ्यांना दिसत असे. तेच दप्तर आता सर्व्हर नावाच्या लोखंडी पेटीत गेले आहे, आणि या पेटीला लागलेली वाळवी बाहेरून दिसत नाही. ती ओळखण्याचा एकच खात्रीचा मार्ग उपलब्ध आहे. सर्व्हर स्वतःच्या प्रकृतीविषयी ज्या नोंदी रात्रंदिवस करीत असतो, त्या वेळेवर बाहेर काढून वाचणे, हा तो मार्ग होय. या नोंदींच्या संचाला निदान अहवाल असे म्हणतात.

अकोला जिल्ह्यातील पातूरसारख्या तालुक्याच्या गावी या विषयाचे महत्त्व मोठ्या शहरापेक्षा अधिक आहे. सातबाऱ्याचे संगणकीकरण सुरू झाले, त्या काळात जमिनीच्या नोंदी तालुका पातळीवरील संगणकांतच साठविल्या जात. पुढे त्या राज्य पातळीवर एकत्र करण्यात आल्या आणि १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उपलब्ध झाला. त्यामुळे सातबाऱ्याचा भार तालुक्यावरून उतरला. तथापि पतसंस्थांची खाती, रुग्णालयांतील क्ष-किरण चित्रे, महाविद्यालयांच्या गुणपत्रिका, बाजार समित्यांच्या सौदापट्ट्या, सीसीटीव्हीचे चित्रीकरण असा कितीतरी ऐवज आजही गावोगावच्या लहान-मोठ्या साठवण सर्व्हरमध्येच असतो. खरिपाच्या तोंडावर, पीक कर्जाची लगबग सुरू असताना, पतसंस्थेचा सर्व्हर दोन दिवस बंद राहिला तर सोयाबीनचे बियाणे घ्यायला निघालेल्या शेतकऱ्याला संगणकाची अडचण सांगून भागत नाही.

सर्व्हर बिघडल्यावर कंपनीच्या मदत केंद्राला दूरध्वनी केला, की पलीकडून बहुधा पहिली मागणी होते ती निदान अहवालाची. अहवाल पाहिल्याशिवाय कंपनी सुटा भाग पाठवीत नाही. अभियंता नागपूरहून किंवा पुण्याहून यायचा असेल, तर कोणता भाग सोबत आणायचा हे त्याला निघण्यापूर्वीच कळावे लागते. अहवाल नसेल तर पहिली फेरी केवळ पाहणीची होते आणि दुरुस्तीसाठी दुसरी फेरी करावी लागते.

दिवा पिवळा होतो तेव्हा

साठवण सर्व्हर म्हणजे अनेक हार्ड डिस्क एकत्र बसवलेला आणि अनेकांना एकाच वेळी माहिती पुरविणारा संगणक. त्यातील डिस्क एकमेकींना सांभाळून घेतात. या रचनेला 'रेड' असे नाव असून, तिची मांडणी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ या तिघांनी १९८८ साली एका शोधनिबंधात केली. स्वस्त डिस्क अनेक घ्याव्यात, माहिती त्यांच्यात विभागावी आणि सोबत थोडी जादा माहिती अशी ठेवावी, की एक डिस्क गेली तरी उरलेल्यांवरून तिचा मजकूर पुन्हा तयार करता यावा, ही त्यामागील कल्पना. रेड-५ या प्रकारात एक डिस्क गेलेली चालते. रेड-६ मध्ये दोन.

याच सोयीत धोकाही दडलेला आहे. एक डिस्क गेल्यावर सर्व्हर चालूच राहतो. खाती उघडतात, पावत्या छापल्या जातात. फक्त त्या डिस्कच्या खणापुढचा हिरवा दिवा पिवळा होतो, आणि सर्व्हरची खोली बहुधा कुलूपबंद असल्याने तो कोणी पाहत नाही. काही सर्व्हर अशा वेळी शिट्टीसारखा आवाज करतात. तो आवाज त्रासदायक वाटल्याने बंद करून टाकला जातो, हे या क्षेत्रातील तंत्रज्ञांना नित्य आढळणारे चित्र आहे. दुसरी डिस्क जाते तेव्हाच मग सर्वांना जाग येते, आणि रेड-५ मध्ये तोवर वेळ निघून गेलेली असते.

नवी डिस्क बसविल्यानंतर जो पुनर्बांधणीचा काळ असतो, तो सर्वांत नाजूक. सामान्य प्रतीच्या डिस्कसाठी उत्पादक जी हमी देतात, ती एकावर चौदा शून्ये इतके बिट वाचल्यावर फार तर एखादी न वाचता येणारी जागा आढळेल, अशा स्वरूपाची असते. हे प्रमाण सुमारे साडेबारा टेराबाइटमागे एक असे पडते. चार टेराबाइटच्या चार डिस्क रेड-५ मध्ये असतील आणि एक गेली, तर पुनर्बांधणीसाठी उरलेल्या तिघींचे मिळून बारा टेराबाइट आदिपासून अंतापर्यंत वाचावे लागतात. प्रत्यक्षात डिस्क या हमीपेक्षा बऱ्याच चांगल्या वागतात; परंतु उरलेल्या तीन डिस्कची प्रकृती कशी आहे हे न पाहता पुनर्बांधणी सुरू करणे धाडसाचे ठरते. म्हणूनच पिवळा दिवा दिसताच डिस्क ओढून बाहेर काढण्यापूर्वी अहवाल घ्यावा आणि त्याच वेळी माहितीची प्रत अन्यत्र घेतलेली आहे की नाही, याची खातरजमा करावी.

स्मार्टची कथा

डिस्कने स्वतःची नाडी स्वतः तपासावी, ही कल्पना १९९० च्या दशकातील आहे. आयबीएमने १९९२ च्या सुमारास बिघाडाचे पूर्वानुमान देणारी पद्धत आपल्या डिस्कमध्ये आणली. नंतर कॉम्पॅक कंपनीने डिस्क उत्पादकांच्या साह्याने स्वतःची पद्धत विकसित केली आणि त्यांतूनच 'स्मार्ट' हे सर्वमान्य तंत्र उभे राहिले. आज जवळजवळ प्रत्येक डिस्कमध्ये ते असते.

डिस्क नोंदी ठेवू लागली. पण त्या वाचण्यासाठी कोणालाही वापरता येईल असे साधन हवे होते. ते घडविणारा मनुष्य संगणक व्यवसायातील नव्हता. ब्रूस ॲलन हे गुरुत्वीय लहरींवर काम करणारे भौतिकशास्त्रज्ञ. अमेरिकेतील मिलवॉकी येथील विद्यापीठात लायगो प्रकल्पाच्या माहितीचे विश्लेषण करण्यासाठी त्यांच्याकडे संगणकांचा मोठा समूह होता आणि त्यांतील डिस्कवर लक्ष ठेवणे भाग होते. कॅलिफोर्नियातील मायकेल कॉर्नवेल यांनी पूर्वी लिहिलेल्या आज्ञावलीचा आधार घेऊन ॲलन यांनी २००२ साली 'स्मार्टमॉनटूल्स' हा संच सर्वांसाठी मोफत खुला केला. लिनक्सवर चालणाऱ्या असंख्य साठवण सर्व्हरमध्ये आजही डिस्कचा अहवाल काढला जातो तो याच संचातील 'स्मार्टसीटीएल' या आज्ञेने. ॲलन पुढे जर्मनीतील हॅनोवर येथील माक्स प्लांक संस्थेत संचालक झाले. १४ सप्टेंबर २०१५ रोजी आलेली पहिली गुरुत्वीय लहर संगणकाच्या पडद्यावर सर्वप्रथम ज्यांच्या नजरेस पडली, ते मार्को द्रागो हे संशोधक त्याच संस्थेतील होते.

या कथेचा एक धागा पातूरच्या रस्त्यावरून जातो. अकोल्याहून पातूरमार्गे निघणारा राष्ट्रीय महामार्ग १६१ घाट चढून मालेगाव, वाशीम करीत हिंगोलीला पोहोचतो, आणि त्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथ परिसरात लायगो-इंडिया ही वेधशाळा उभी राहत आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने या प्रकल्पाला फेब्रुवारी २०१६ मध्ये तत्त्वतः मान्यता दिली व एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चास मंजुरी दिली. चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांच्या या वेधशाळेचे काम ज्या संस्थांकडे आहे, त्यांत पुण्याची आयुका प्रमुख आहे. वेधशाळा सुरू होईल तेव्हा तिथे जमणारी माहिती साठविणाऱ्या डिस्कच्या प्रकृतीचा प्रश्न आपोआपच येईल. ॲलन यांनी २००२ साली ज्या गरजेपोटी हे साधन घडविले, ती गरज मग वऱ्हाडच्या सीमेलगत उभी असेल.

अहवालात पाहायचे काय

स्मार्टच्या अहवालात वीस-पंचवीस ओळी असतात आणि पहिल्यांदा पाहणारा गोंधळून जातो. अगदी वरच्या भागात 'उत्तीर्ण' अशा अर्थाचा शेरा असतो. त्यावर विसंबून राहू नये. उत्पादकाने ठरविलेली मर्यादा ओलांडली तरच हा शेरा बदलतो आणि ती मर्यादा फार ढिली असते. मरणपंथाला लागलेली डिस्कही अनेकदा 'उत्तीर्ण' असते.

खाली क्रमांकवार येणाऱ्या नोंदींपैकी पाच महत्त्वाच्या मानल्या जातात. क्रमांक ५ ची नोंद खराब झालेल्या किती जागा बाद करून त्यांच्याऐवजी राखीव जागा वापरल्या, हे सांगते. क्रमांक १८७ मध्ये दुरुस्त न झालेल्या चुका, १८८ मध्ये वेळेत पूर्ण न झालेल्या आज्ञा, १९७ मध्ये संशयित म्हणून निर्णयाच्या प्रतीक्षेत ठेवलेल्या जागा आणि १९८ मध्ये तपासणीत वाचताच न आलेल्या जागा मोजल्या जातात. या पाचही ठिकाणी शून्य असणे हे निरोगीपणाचे लक्षण होय. हजारो डिस्क वापरणाऱ्या बॅकब्लेझ या अमेरिकी कंपनीने २०१६ साली आपल्या अनुभवाचे आकडे जाहीर केले, त्यांनुसार बंद पडलेल्या डिस्कपैकी ७६.७ टक्के डिस्कमध्ये या पाचपैकी किमान एक नोंद शून्याच्या वर गेलेली होती. चालू डिस्कमध्ये हे प्रमाण ४.२ टक्के होते.

याचा व्यत्यासही ध्यानात घ्यायला हवा. जवळपास चौथा हिस्सा डिस्क कोणतीही पूर्वसूचना न देता गेल्या. गुगलच्या अभियंत्यांनी २००७ साली एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यातही हेच आढळले होते. बंद पडलेल्या डिस्कपैकी मोठ्या भागाने महत्त्वाच्या नोंदींत काहीच दाखविले नव्हते. पण जिथे इशारा मिळाला, तिथे तो गंभीर होता. तपासणीत पहिली चूक आढळल्यानंतर पुढील साठ दिवसांत डिस्क बंद पडण्याची शक्यता निर्दोष डिस्कच्या ३९ पट होती. म्हणजे अहवाल स्वच्छ आहे म्हणून माहितीची दुसरी प्रत ठेवू नये, असे मुळीच नव्हे; मात्र अहवालात डाग दिसला तर वाट पाहण्यात अर्थ नाही.

क्रमांक १९९ ची नोंद वाढलेली दिसली, तर दोष बहुधा डिस्कचा नसून तिला जोडणाऱ्या तारेचा किंवा खणातील जोडणीचा असतो. ही एक ओळ वाचता आली तरी चांगली डिस्क नाहक बदलण्याचा खर्च वाचतो. काही उत्पादकांच्या डिस्कमध्ये क्रमांक १ च्या नोंदीत कोटींच्या घरातील आकडा दिसतो. तो पाहून घाबरण्याचे कारण नाही. त्या कंपन्या या जागेत चुकांसोबत एकूण वाचनांची संख्याही गुंफतात.

एका अहवालापेक्षा अहवालांची मालिका अधिक सांगते. बाद जागांची संख्या आठ आहे आणि वर्षभर आठच आहे, तर ती डिस्क बराच काळ चालू शकते. गेल्या सोमवारी आठ, या सोमवारी चाळीस, असे असेल तर तिचे दिवस भरले. हे कळण्यासाठी गेल्या सोमवारचा अहवाल जपून ठेवलेला असावा लागतो. तो बहुतेक ठिकाणी नसतो.

अहवाल गोळा करण्याची रीत

पहिला नियम असा, की सर्व्हर बंद करू नये. घरच्या संगणकाला लागलेली 'बंद करून पुन्हा चालू' ही सवय येथे घातक ठरते. अनेक नोंदी तात्पुरत्या स्मृतीत असतात, त्या वीज जाताच पुसल्या जातात. आणि अशक्त झालेली डिस्क एकदा थांबल्यावर पुन्हा फिरू लागेलच, याची शाश्वती नसते.

त्यानंतर कागदावर तारीख, वेळ, कोणत्या खणाचा दिवा कोणत्या रंगाचा आहे आणि पडद्यावर कोणता संदेश आला, हे लिहून घ्यावे. मोबाइलवर छायाचित्र घेतल्यास उत्तम. हे काम संगणक न जाणणारा शिपाईही करू शकतो, आणि पुढे अभियंत्याला त्याचा फार उपयोग होतो.

प्रत्यक्ष अहवाल तीन-चार ठिकाणांहून घ्यावे लागतात, आणि गल्लत होते ती येथेच. रेडचे नियंत्रण करणारे कार्ड आपल्या मागील डिस्क सर्व्हरच्या कार्यप्रणालीपासून झाकून ठेवते. चार डिस्क असल्या तरी कार्यप्रणालीला एकच मोठी डिस्क दिसते. अशा वेळी साधी आज्ञा देऊन काढलेला अहवाल रिकामा तरी येतो किंवा दिशाभूल तरी करतो. स्मार्टसीटीएलला कार्डाचा प्रकार आणि डिस्कचा क्रमांक स्वतंत्रपणे सांगावा लागतो. अन्यथा कार्डाच्या उत्पादकाने दिलेली स्वतःची आज्ञावली वापरावी लागते. कार्डाचा अहवाल डिस्कच्या अहवालाहून वेगळा असतो व दोन्ही लागतात. रेडची स्थिती, पुनर्बांधणी किती टक्के झाली, कार्डावरील बॅटरीची अवस्था या बाबी फक्त कार्डच सांगू शकते.

तिसरे ठिकाण म्हणजे सर्व्हरच्या मुख्य फलकावरील देखरेख करणारा छोटा स्वतंत्र संगणक. एचपीईच्या यंत्रांत त्याला 'आयलो', तर डेलच्या यंत्रांत 'आयड्रॅक' म्हणतात. इंटेल, डेल, एचपी आणि एनईसी यांनी १९९८ साली यासाठी 'आयपीएमआय' ही समान पद्धत ठरविली. सर्व्हर बंद असला तरी, भिंतीवरील वीज चालू असेपर्यंत, हा छोटा संगणक जागा असतो. पंख्यांचा वेग, तापमान, वीजपुरवठ्याचे चढउतार, स्मृतीतील चुका यांची तो एक वही ठेवतो. या वहीची पाने मोजकीच असतात. काही यंत्रांत ती भरल्यावर जुन्या नोंदींवर नव्या लिहिल्या जातात, तर काहींत नव्या नोंदी होणेच थांबते. तेव्हा महिन्यातून एकदा वही उतरवून घ्यावी आणि नंतरच कोरी करावी. उतरवून न घेता कोरी करणे म्हणजे पुरावा आपल्याच हाताने नष्ट करणे होय.

चौथे ठिकाण कार्यप्रणालीच्या नोंदींचे. डिस्कने उत्तर द्यायला केव्हा उशीर केला, हे तिथे मिनिटा-सेकंदासह सापडते. बड्या कंपन्या आता हे सारे एकत्र बांधून एकच गाठोडे तयार करणारी सोय देतात. डेलचा 'सपोर्टअसिस्ट', नेटअ‍ॅपचा 'ऑटोसपोर्ट', एचपीईची 'ॲक्टिव्ह हेल्थ सिस्टीम' ही त्याची उदाहरणे. एक कळ दाबली की काही मिनिटांत फाइल तयार होते. ती सर्व्हरवरच ठेवून देणे मात्र निरर्थक आहे. पेनड्राइव्हवर किंवा दुसऱ्या संगणकावर लगेच हलवावी, आणि तिच्या नावात सर्व्हरचे नाव व तारीख घालावी.

डिस्कची स्वतःची तपासणीही मागता येते. लघु तपासणी दोनेक मिनिटांत आटोपते. दीर्घ तपासणी संपूर्ण पृष्ठभाग वाचते व मोठ्या डिस्कना कित्येक तास घेते, म्हणून ती शनिवारी रात्री लावणे श्रेयस्कर. आधीच लंगडणाऱ्या रेडमधील डिस्कवर मात्र दीर्घ तपासणीचा भार टाकू नये. त्या डिस्कवरून आधी माहिती उतरवून घ्यावी.

डिस्क बदलताना होणारी एक चूक इतकी सार्वत्रिक आहे, की तिचा स्वतंत्र उल्लेख करणे आवश्यक वाटते. संगणक बहुधा शून्यापासून मोजतो आणि माणूस एकपासून. अहवालात 'डिस्क २' असे असेल तर ती डावीकडून तिसरी असू शकते. आजारी डिस्क सोडून शेजारची निरोगी डिस्क उपसली, की रेड-५ तत्क्षणी कोसळतो. यासाठी अहवालातील अनुक्रमांक आणि डिस्कच्या पट्टीवर छापलेला अनुक्रमांक जुळवावा, तसेच बहुतेक सर्व्हरमध्ये हव्या त्या खणाचा दिवा लुकलुकत ठेवण्याची जी सोय असते, ती वापरावी.

वऱ्हाडातील ऊन आणि वीज

अकोल्याचा उन्हाळा सर्वज्ञात आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जाणे येथे नवलाचे नाही. डिस्कचे उत्पादक साधारणतः ६० अंशांपर्यंतची मर्यादा सांगतात. खोलीतच ४२ अंश असतील आणि वातानुकूलन यंत्र बंद पडले, तर दाटीवाटीने बसविलेल्या डिस्क त्या मर्यादेजवळ पोहोचायला वेळ लागत नाही. गुगलच्या उपरोक्त अभ्यासात उष्णतेचा संबंध समजला जातो तितका सरळ आढळला नव्हता. मध्यम तापमानाने फारसे बिघडत नाही. अतिउच्च तापमानाचा फटका प्रामुख्याने तीन-चार वर्षे जुन्या डिस्कना बसताना दिसला. वऱ्हाडातील लहान कार्यालयांत चालू असलेल्या डिस्क बहुधा त्याच वयाच्या किंवा त्याहून जुन्या असतात, हे विसरून चालणार नाही. स्मार्टमधील क्रमांक १९४ ची नोंद तापमान दाखवते. एप्रिल ते जून या काळात ती दुपारी तीनच्या सुमारास पाहावी. सकाळी दहाचा आकडा फसवा असतो.

उष्णतेचा खरा बळी ठरते ती बॅटरी. रेडच्या कार्डावर लिहिण्यासाठी थोडी स्मृती असते आणि वीज गेल्यास तिच्यातील मजकूर टिकावा म्हणून तिला बॅटरी जोडलेली असते. बॅटरी निकामी झाली, की कार्ड सावध होऊन ही स्मृती वापरणे थांबवते आणि सर्व्हर एकाएकी मंद होतो. संगणक जुना झाला, नवा घ्यावा लागेल, असे अनुमान काढून लाखभर रुपयांच्या खरेदीचा प्रस्ताव तयार होण्यापूर्वी कार्डाचा अहवाल काढून पाहिला, तर बॅटरी बदलून काम भागू शकते. पारसचे औष्णिक वीज केंद्र ज्या जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्याने भारनियमनाची वर्षे सोसली आहेत. पावसाळ्यातील खंडित वीजपुरवठा तर अजूनही नवा नाही. अशा ठिकाणी ही बॅटरी आणि यूपीएस या दोहोंची तपासणी अहवालाच्या वेळापत्रकात असलीच पाहिजे. यूपीएसच्या बॅटऱ्या सर्व्हरच्या शेजारी ठेवू नयेत. दक्षिण कोरियात देजॉन येथील सरकारी माहिती केंद्रात २६ सप्टेंबर २०२५ रोजी यूपीएसच्या लिथियम बॅटऱ्यांपासून आग लागली आणि सरकारी कर्मचाऱ्यांच्या सामाईक साठवणुकीतील ८५८ टेराबाइट माहिती गेली. तिची बाहेर कुठेही प्रत नव्हती.

३२,७६८ तासांची गोष्ट

अहवालातील क्रमांक ९ ची नोंद, म्हणजे डिस्क एकूण किती तास चालली हा आकडा, निरुपद्रवी दिसतो. नोव्हेंबर २०१९ मध्ये एचपीई कंपनीने आपल्या ग्राहकांना एक तातडीची सूचना दिली. काही एसएसडी डिस्कच्या अंतर्गत आज्ञावलीत असा दोष होता, की बरोबर ३२,७६८ तास चालल्यावर ती डिस्क कायमची बंद पडे व तिच्यातील माहिती परत मिळत नसे. तीन वर्षे, २७० दिवस आणि आठ तास एवढा हा काळ. आकडा विचित्र वाटला तरी त्यामागे गणित आहे. सोळा बिटांच्या जागेत चिन्हासह संख्या लिहिली, तर ३२,७६७ ही सर्वांत मोठी संख्या होते. एक तास अधिक झाला की हिशेब कोलमडतो. २०२० साली आणखी काही डिस्कमध्ये ४०,००० तासांवर असाच दोष असल्याचे कंपनीने कळविले.

येथे रेडचा काहीही उपयोग नव्हता. एकाच दिवशी बसविलेल्या सर्व डिस्क जवळजवळ एकाच वेळी बंद पडणार होत्या. उपाय होता तो एवढाच, की तास भरण्यापूर्वी नवी आज्ञावली चढविणे. ज्यांच्याकडे अहवाल होते, त्यांना आपल्या डिस्कचे प्रतिरूप, आज्ञावलीची आवृत्ती आणि झालेले तास या तिन्ही गोष्टी एका नजरेत दिसल्या. ज्यांच्याकडे नव्हते, त्यांना आपण या यादीत आहोत की नाही, हेही ठाऊक नव्हते. म्हणून तिमाहीतून एकदा अहवालातील आज्ञावलीची आवृत्ती उत्पादकाच्या सूचनांशी पडताळून पाहणे अगत्याचे आहे.

घड्याळ, कायदा आणि गोपनीयता

अहवालांतील वेळा जुळत नसतील, तर त्यांचा निम्मा उपयोग संपतो. वीज सायंकाळी ४ वाजून १० मिनिटांनी गेली, कार्डाची चूक ४.११ ची आणि देखरेख संगणकातील नोंद सकाळी १०.४१ ची, असे दिसले की वाचणारा चक्रावतो. या देखरेख संगणकाचे घड्याळ अनेकदा ग्रीनिच वेळेवर असते आणि भारतीय वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे असते. केंद्र सरकारच्या 'सर्ट-इन' या यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांत सेवा पुरवठादार, माहिती केंद्रे, कंपन्या व सरकारी संस्था यांनी आपली घड्याळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा यांच्या वेळेशी जुळवावीत आणि यंत्रणेच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवाव्यात, असे म्हटले आहे. सायबर घटना सहा तासांत कळविण्याचे बंधनही त्यात आहे. डिस्क झिजून बंद पडणे ही सायबर घटना नव्हे. तथापि ती झिजूनच बंद पडली, हे दाखवायला पुन्हा अहवालच लागतो.

कंपनीला पाठविण्यापूर्वी गाठोड्यात काय आहे, हेही पाहावे. खातेदारांची नावे त्यात सहसा नसतात; पण सर्व्हरचे पत्ते, वापरकर्त्यांची नावे, जाळ्याची रचना आणि कधीकधी फाइलींची नावे असतात. रुग्णालयातील फाइलीच्या नावातच रुग्णाचे नाव असेल, तर तेही बाहेर जाते. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू करण्याचे ठरले आहे. अशा स्थितीत हे गाठोडे व्हॉट्सॲपवरून ओळखीच्या तंत्रज्ञाकडे धाडण्याची प्रथा थांबायला हवी. कंपनीच्या मदत केंद्राने तक्रार क्रमांकासोबत जी सुरक्षित जागा दिली असेल, तिथेच फाइल चढवावी. बहुतेक साधनांत नावे व पत्ते झाकून अहवाल तयार करण्याचा पर्यायही असतो.

राहता राहिली ती काढलेली डिस्क. हमीच्या काळात नवी डिस्क मिळाली, की जुनी परत करावी, अशी कंपनीची अट असते. बंद पडलेल्या डिस्कमधील माहिती प्रयोगशाळेत बऱ्याच अंशी वाचता येते, त्यामुळे पतसंस्था आणि रुग्णालयांनी हमीचा करार करतानाच जुनी डिस्क स्वतःकडे ठेवण्याचा अधिकार विकत घ्यावा. डेल व एचपीई या दोन्ही कंपन्या थोड्या जादा शुल्कात तो देतात. तो घेतलेला असल्यास काढलेल्या डिस्कचा अनुक्रमांक शेवटच्या अहवालाच्या छापील प्रतीवर लिहून ती प्रत साठा नोंदवहीला जोडावी. डिस्क कोणाच्या समक्ष, कोणत्या तारखेला तोडली, त्याची नोंद त्याच पानावर सही घेऊन करावी.